एकशे पंधरा कप

कॉलेजात बाईंना कुणी नावाने हाक मारत नसे. मुले त्यांना पत्रबाई म्हणत, आणि मुलांचे ऐकून शिक्षकही तसेच म्हणू लागले. नाव पडले तेव्हा त्या वाणिज्य विभागात दुसऱ्या वर्षाला व्यापारी पत्रव्यवहार शिकवत होत्या. पुढे विषय गेला, नाव तेवढे राहिले.

विषय होता तोवर बाईंच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगाही जागा असे. कारण त्या पत्रे शिकवत नसत, लिहून घेत. वऱ्हांड्यात त्यांनी सुताराकडून एक लाकडी पेटी करून ठोकून घेतली होती. एका तुकडीने पत्र लिहून, पाकिटात घालून, पत्ता घालून त्या पेटीत टाकायचे आणि दुसऱ्या तुकडीने आठ दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशीचे पत्र, मागणीचे पत्र, स्मरणपत्र आणि शेवटी तक्रारीचे पत्र. तक्रारीच्या पत्राला त्या सगळ्यांत जास्त दिवस देत.

"काय झालं, कधी झालं, आणि आता मला काय हवंय. तीन परिच्छेद," त्या फळ्यावर तीन आडव्या रेघा ओढून सांगत. "राग आलाय ना? येऊ दे. तो चौथ्या परिच्छेदात लिहायचा. मोकळेपणी लिहायचा. मग तो परिच्छेद फाडायचा आणि उरलेलं पत्र पाठवायचं."

पहिल्या दिवशी मात्र त्या एक तयार पत्र वाटत. एका दुकानदाराने कपबश्यांच्या कारखान्याला लिहिलेले. बारा डझन कप मागवले, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. खोकी उघडली तेव्हा एकतीस फुटलेले निघाले, त्यातल्या नऊ कपांचे नुसते कान तुटले होते. उरलेले एकशे पंधरा कप आम्ही ठेवून घेतले आहेत, फुटलेल्यांच्या बदली नवे पाठवावेत. पत्र इतके गोड आणि नेटके होते की वाचणारा त्या गोडव्यावरून घसरत पुढे जाई. एकशे चव्वेचाळिसातून एकतीस गेले तर एकशे तेरा उरतात, हे कुणाच्या लक्षात येत नसे. बाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ही चूक मुद्दाम पेरून ठेवली होती. जो पकडेल त्याला दोन गुण आणि खालच्या वर्गाला सांगायचे नाही ही शपथ. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी जागेवरून ओरडे, "बाई, दोन कप जास्त झाले!" आणि वर्ग हसून लोळे. एकोणीस वर्षे ही शपथ कुणी मोडली नाही.

मग अकरा वर्षांपूर्वीची ती बैठक झाली.

कोणता विषय शिकवायचा, कोणता काढायचा, हे ठरवायला विभागाचे एक अभ्यास मंडळ होते. सगळे शिक्षक त्याचे सदस्य आणि विभागप्रमुख अध्यक्ष. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती बैठक बसे. तिथली रीत अशी होती: आत शिरताना शिपाईमामा चहाचा कप द्यायचे आणि त्याच हाताने हजेरीचा कागद पुढे करायचे. आधी सही, मग चहा, मग बैठक. प्रमुख विषयाचा क्रमांक वाचायचे, म्हणायचे, "वाचलं असं समजू या ना?" आणि सगळे बोटांनी टेबल वाजवायचे. टेबल वाजले की मंजूर. दहा विषय वीस मिनिटांत उरकत. शिक्षक खूश, कारण तास सुटलेला असे. प्रमुखही खूश.

त्या दिवशीचा सातवा विषय होता, 'परिशिष्ट ब प्रमाणे दुसऱ्या वर्षाची पुनर्रचना'. परिशिष्ट जोडलेले नव्हते. झेरॉक्सचे मशीन बिघडले आहे, असे प्रमुख म्हणाले. बाईंच्या डाव्या हातात बिस्किट होते. उजव्या हाताने त्यांनी टेबल वाजवले. इतरांपेक्षा जरा जोरातच, कारण बिस्किट चहात पडेल म्हणून त्यांचे लक्ष तिकडे होते.

नवे सत्र सुरू झाले आणि वेळापत्रकात पत्रव्यवहार नव्हता.

बाई तडक प्रमुखांच्या खोलीत गेल्या. "सर, माझा विषय?"

"परिशिष्ट ब," प्रमुख म्हणाले. "बदलत्या काळात कोण पत्रं लिहितं, बाई?"

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं की! तुम्ही टेबल वाजवलंत. मी ऐकलं." त्यांनी कपाटातून हजेरीचा कागद काढला आणि बाईंच्या नावासमोर बोट ठेवले. "ही तुमचीच ना? अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं. सही लांबून ओळखू येते."

खोलीत आणखी दोन शिक्षक बसले होते. ते हसले. वाईट हेतूने नव्हे, साहेब विनोद करतात तेव्हा हसायचे म्हणून हसले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कार्यालयात गेल्या, त्या हजेरीच्या कागदाची प्रत मागून घेतली आणि घरी नेऊन लिहायच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली.

बाईंचा नवरा औषधाच्या दुकानात बसे. शांत माणूस, पण जिभेला धार. पाहुणे आले की त्यांना काच दाखवून म्हणे, "लोक लग्नाचा फोटो ठेवतात. आमच्याकडे त्या माणसाचं हजेरीपत्रक आहे."

"असू दे," बाई म्हणत. "मला विसरायचं नाहीये."

विसरण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेजने रोज आठवण ठेवण्याची सोय केली होती. बाईंना पर्यावरण शिकवायला दिले. बाईंचा आणि ओझोनच्या थराचा तोवर काही संबंध आला नव्हता. त्या रात्री वाचत आणि सकाळी शिकवत. मुले जांभया देत. वऱ्हांड्यातल्या पेटीत आधी सूचना मागवायचे ठरले, मग त्यात खडूचे तुकडे साठू लागले. वर्गावर जाताना बाई त्या पेटीकडे बघत नसत.

पण डूख धरावा तर बाईंनी. सदस्य-सचिवाची जागा रिकामी झाली, म्हणजे बैठकीचे कागद काढायचे आणि इतिवृत्त लिहायचे. हे हमालीचे काम कुणाला नको होते. बाईंनी हात वर केला. "द्या, द्या," प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंना लिहायची हौस फार. पत्र नाही तर इतिवृत्त." पुन्हा सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या.

कार्यालयाकडे मंडळाच्या नियमांची एकच जीर्ण प्रत होती, पानाला पान चिकटलेली. ती नव्याने टाइप करून देण्याचे काम बाईंनी मागून घेतले. एक सुट्टी त्यात गेली. बेचाळीस पाने. त्यातला एकोणिसावा नियम टाइप करताना त्यांची बोटे थांबली. परिशिष्ट बैठकीच्या सात दिवस आधी प्रत्येक सदस्याच्या हातात पडले असेल तरच 'वाचले असे समजावे' म्हणता येते. नसेल, तर एका जरी सदस्याने मागणी केल्यास ते बैठकीत अक्षरशः वाचले पाहिजे. बाईंनी तो नियम दोनदा वाचला. मग पुढचे टाइप केले. एकतिसावा नियमही त्यांनीच टाइप केला, तेव्हा मात्र त्याच्यावर नजर ठरली नाही.

त्या वाट बघत राहिल्या. वाट बघणे हे त्यांनी नवऱ्याच्या शब्दांत 'पगारी काम' करून टाकले होते.

"मेला नाही का अजून तो?" नवरा जेवताना विचारायचा.

"छे. पदोन्नती मागतोय."

ते खरे होते. उपप्राचार्यांची जागा निघणार होती आणि प्राचार्यांनी प्रमुखांना सांगितले होते, एक नवा अभ्यासक्रम आणून दाखवा, सर्व शाखांना चालेल असा, मग बघू. प्रमुखांनी 'व्यवसाय कौशल्ये' नावाचा अभ्यासक्रम आणला. तिन्ही वर्षांना सक्तीचा. पाठ्यपुस्तक एकच, तेही त्यांनीच लिहिलेले. चकचकीत कव्हर, मागे लेखकाचा फोटो, हनुवटीला बोट. बैठक शनिवारी ठरली. परिशिष्ट, म्हणजे अभ्यासक्रम आणि पुस्तकातला मजकूर मिळून छत्तीस पाने, त्याच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, बाईंच्या हातात आले.

रविवारी दुपारी बाई जेवणाच्या टेबलावर ती पाने घेऊन बसल्या. पहिला घटक रटाळ होता. दुसरा ओळखीचा वाटला. तिसऱ्यापाशी डोळे जड झाले. चौथ्याचे नाव होते 'लेखी संवाद'. बाईंनी पान उलटले आणि ताठ बसल्या. चौकशीचे पत्र, मागणीचे पत्र, स्मरणपत्र. तोच क्रम. तीच वाक्ये. 'काय झाले, कधी झाले, आता काय हवे.' आणि पान तेहेतीसवर बारा डझन कप. फुटलेले एकतीस. नऊ कपांचे कान तुटलेले.

'उरलेले एकशे पंधरा कप आम्ही ठेवून घेतले आहेत.'

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला.

"काय झालं?"

"चोरलं, आणि न वाचता चोरलं! एकशे पंधरा कप तसेच! माझ्या वर्गातल्या ढ मुलाला चार दिवस लागायचे. ह्याला अकरा वर्षांत कळलं नाही."

नवऱ्याने पान वाचले. साबण वाळू लागला. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "म्हणजे तुझा विषय परत येतोय की."

बाईंचे हसू थांबले.

"येतोय ना? तिन्ही वर्षांना सक्तीचा. कव्हरावर त्याचा फोटो असेल, असू दे. आत तुझे कप आहेत. शिकवणार कोण? त्याला ते शिकवता येणार नाही. तुझ्याकडेच येणार. तुझी किती वर्षं राहिली?"

"एक वर्ष आठ महिने."

"मग? शनिवारी टेबल वाजव आणि पेटी पुसून घे."

बाई उठून लिहायच्या टेबलापाशी गेल्या. त्या काचेखालच्या कागदाकडे बघत बसल्या. नवऱ्याचे म्हणणे बरोबर होते, म्हणून तर अधिक झोंबले. आणि तेव्हा त्यांना एकतिसावा नियम आठवला. नियमाची प्रत काढून त्यांनी खात्री करून घेतली. मंडळाने नाकारलेला अभ्यासक्रम, किंवा त्याचा कोणताही घटक, पुढची दोन शैक्षणिक वर्षे कुणालाही पुन्हा मांडता येत नाही. शनिवारी टेबल वाजले नाही तर प्रमुख पडणार. त्यांच्याबरोबर पत्रेही पडणार, आणि बाई कॉलेजात असेपर्यंत ती उठणार नव्हती.

सोमवारी प्रमुख स्वतः स्टाफरूममध्ये आले. हे अकरा वर्षांत घडले नव्हते. खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले.

"बाई, परिशिष्ट मिळालं ना? छान. ते सगळ्यांना वाटायची काही घाई नाही बरं का. छत्तीस पानं कशाला उगीच. लोक वाचत बसतात आणि मग शंका काढतात."

"बरं सर. नाही वाटत."

प्रमुखांना इतक्या सहजतेची अपेक्षा नव्हती. त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "आणि तो चौथा घटक बघितलात? मी तुमचाच विचार करून घातलाय. तुम्हालाच देणार. दोन वर्षं राहिलीत ना तुमची? पत्रं शिकवत निवृत्त व्हा. मागचं काय धरून बसायचं?"

क्षणभर बाईंना वर्ग दिसला, पेटी दिसली, "बाई, दोन कप जास्त झाले" म्हणणारा आवाज ऐकू आला. हा माणूस त्यांचेच भांडे त्यांनाच बक्षीस म्हणून देत होता आणि त्यांना ते हवे होते. ह्या गोष्टीचा त्यांना प्रमुखांपेक्षाही जास्त राग आला.

"सर," त्या म्हणाल्या, "परिशिष्ट वाटू नये एवढं फक्त लिहून द्या. उद्या कुणी सचिवाला विचारलं तर माझ्याकडे कागद असावा."

"कसल्या कागदाच्या भानगडीत पडता! द्या इकडे." प्रमुखांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि खाली झोकदार सही केली.

शनिवारी अकरा वाजता मंडळ बसले. त्या दिवशी प्राचार्यही मुद्दाम आले होते. शिपाईमामा नेहमीप्रमाणे चहा आणि हजेरीचा कागद घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा बाईंनी कागद काढून घेतला.

"मामा, चहा नंतर. सह्यासुद्धा नंतर."

"बाई, रीत आहे ती," प्रमुख म्हणाले.

"रीत आहे सर, नियम नाही. नियमात सही बैठक संपल्यावर आहे. काय झालं ते कळल्यावर."

आकडेवारी शिकवणाऱ्या सरांनी चहाच्या ट्रेकडे अपेक्षेने पाहिले आणि डोळे मिटून घेतले. प्रमुखांनी घसा साफ केला. "विषय एक. व्यवसाय कौशल्ये. वाचलं असं समजू या ना?"

दोघातिघांची बोटे टेबलावर आलीसुद्धा.

"नाही," बाई म्हणाल्या. "एकोणिसावा नियम. परिशिष्ट कुणालाही मिळालेलं नाही. मी वाचनाची मागणी करते."

"पण मिळालेलं का नाही? तुम्ही सचिव आहात!" प्राचार्य म्हणाले.

बाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. प्राचार्यांनी चष्मा वर करून ती वाचली, सही बघितली आणि प्रमुखांकडे बघितले. "सही तुमचीच ना?"

प्रमुखांनी मान डोलावली.

"किती पानं?" प्राचार्यांनी बाईंना विचारले.

"छत्तीस, साहेब."

"वाचा," प्राचार्य सुस्कारा सोडून म्हणाले. "काय करणार."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. वर्गात वाचत तशा, ठणठणीत, एकेक शब्द सुटा. पहिली सहा पाने लोकांनी कंटाळून ऐकली. सातव्या पानावर छत्र्यांच्या दुकानाचे उदाहरण आले. पावसाळ्यात किती छत्र्या खपल्या आणि उन्हाळ्यात किती. आकडेवारीच्या सरांनी डोळे उघडले.

"थांबा. हे माझं आहे. ते दुकान माझ्या मेव्हण्याचं."

"उदाहरणं सगळ्यांचीच असतात," प्रमुख म्हणाले.

"मेव्हणा माझा एकट्याचा आहे हो!"

हशा झाला. पण आता सगळे सरसावून बसले. तिसऱ्या घटकात कायद्याच्या सरांच्या टिपणातली करारभंगाची प्रश्नावली निघाली, प्रश्नांच्या क्रमासकट. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि पेनचे टोपण घट्ट लावले. विभागात नुकतीच लागलेली नवी मॅडम खाली मान घालून ऐकत होती. चौदा वर्षांपूर्वी ती बाईंच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची.

एकतिसावे पान संपले. चौथा घटक. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला.

इथे त्यांना एक गोष्ट करता आली असती. बत्तीस आणि तेहेतीस ही पाने एकदम उलटता आली असती. छत्र्या आणि करारभंगाचे काय, थोडी कुरकूर होऊन, दोन ओळी बदलून, उगम नोंदवून अभ्यासक्रम पुढे सरकला असता. अशा खोलीत सगळेच पुढे सरकते. पत्रे परत आली असती. कुणाला कळले नसते. त्यांनी पाणी प्यायले. प्रमुख त्यांच्याकडे बघत होते आणि मान हलवत होते, जरासे हसत, जणू दोघांमध्ये काही ठरलेले आहे. अकरा वर्षांपूर्वी सहीवर बोट ठेवताना ते असेच हसले होते.

बाईंनी ग्लास ठेवला आणि बत्तिसावे पान वाचले. मग तेहेतिसावे.

"'बारा डझन, म्हणजे एकशे चव्वेचाळीस कपांपैकी एकतीस फुटलेले निघाले. त्यातल्या नऊ कपांचे नुसते कान तुटले आहेत. उरलेले एकशे पंधरा कप आम्ही ठेवून घेतले आहेत.'"

नवी मॅडम झटकन वर बघून म्हणाली, "बाई, दोन गुण!"

म्हणून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. प्राचार्य गोंधळले. "कसले गुण?"

"साहेब, एकशे तेरा उरतात," नवी मॅडम म्हणाली. आता तिला थांबता येईना. "हे बाईंचं पत्र आहे. आम्हाला पहिल्या दिवशी द्यायच्या. चूक मुद्दाम ठेवलेली असायची, जो पकडेल त्याला दोन गुण. मी पकडली होती."

"छपाईची चूक आहे ती," प्रमुख म्हणाले.

"छपाईची नाही, सर," बाई म्हणाल्या. "माझी आहे. तीस वर्षांपूर्वी केलेली. न वाचणाऱ्यासाठीच."

आकडेवारीच्या सरांनी कागदावर वजाबाकी करून बघितली आणि ते हसू दाबायला खोकले. मग बाई वाचत शेवटच्या पानावर आल्या. त्यावर शिक्षकांच्या अभिप्रायाचा रकाना होता आणि प्रमुखांच्या अक्षरात लिहिले होते: 'विभागातील सर्व शिक्षकांशी सविस्तर चर्चा केली. सर्वांचे मत अनुकूल.'

"माझ्याशी कधी झाली चर्चा?" कायद्याच्या सरांनी विचारले.

"माझ्याशी?"

"मला तर विषयाचं नावही आज कळलं."

बाई मधे पडल्या नाहीत. त्यांनी छत्तीस पाने टेबलावर उभी आपटून कडा सारख्या केल्या. "वाचन पूर्ण झालं. अध्यक्षांनी मत घ्यावं."

प्रमुखांनी सगळ्यांकडे बघितले. "ह्या किरकोळ गोष्टी आहेत. दुरुस्त करता येतील. मंजूर?"

कुणाचेही बोट हलले नाही. हात मांडीवर होते, काहींचे घडी घातलेले. दारात शिपाईमामा ट्रे धरून उभे होते, ट्रेमधला एक कप बशीवर किणकिणला, तेवढाच आवाज झाला. ह्या खोलीत टेबल न वाजण्याची ही पहिली वेळ होती. बाईंनी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. त्यांना ती शांतता शक्य तितकी लांबवायची होती.

"नाकारला," प्राचार्य म्हणाले आणि उठले. जाताना दारात थांबून प्रमुखांना म्हणाले, "सोमवारी भेटा मला. पुस्तकाची प्रत घेऊन या."

लोक चहा घेऊन पांगले. बाई इतिवृत्त लिहीत बसल्या. प्रमुख थांबले होते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते एकदम वयस्क दिसत होते.

"बाई, 'नाकारला' असं लिहू नका. 'चर्चेअंती मागे घेण्यात आला' लिहा. मोठं मन करा."

मागे घेतला असता तर एकतिसावा नियम लागला नसता. नवी मॅडम सहा महिन्यांत तोच घटक बाईंच्या नावाने मांडू शकली असती. बाईंना हे त्याच क्षणी कळले. पेन कागदाच्या वर थांबले. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि लिहिणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी 'नाकारला' लिहिले आणि हजेरीचा कागद पुढे केला.

"सही राहिली, सर. इथे."

प्रमुखांनी सही केली. बाईंनी ती वर उचलून, हात लांब करून बघितली. "छान. लांबून ओळखू येते."

वऱ्हांड्यात नवी मॅडम पेटीपाशी उभी होती. तिने आतले खडूचे तुकडे काढून रुमालात बांधले होते. "बाई, आपण पत्रव्यवहार पुन्हा मांडू या ना. वेगळा. तुमच्या नावाने. मी मसुदा करते."

"दोन वर्षं नाही मांडता येत. एकतिसावा नियम."

नव्या मॅडमचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही असताना नाहीच. तुम्हाला आधी माहीत होतं?"

"मीच टाइप केलाय तो."

"आणि तरी?"

"आणि तरी," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "तू मांड. मी गेल्यावर. कप बदल, आता सगळ्यांना माहीत झालंय. दुसरं काहीतरी फोड."

घरी नवऱ्याने सगळे ऐकून घेतले. शेवटी बाईंनी 'नाकारला' आणि 'मागे घेतला' यांतला फरक सांगितला.

"एका शब्दाने तुझा विषय आला असता."

"हो."

"आणि तो माणूसही सुटला असता."

"हो."

"मग झालं समाधान?"

बाईंनी काचेखालचा अकरा वर्षांचा कागद काढला. काचेवर त्याचा पिवळा चौकोन उमटला होता. त्यांनी कोरा कागद घेतला आणि प्रमुखांना पत्र लिहायला बसल्या. काय झाले, कधी झाले. तिसऱ्या परिच्छेदात त्या अडखळल्या, कारण आता काय हवे आहे ते लिहायचे होते आणि लिहायला काही नव्हते. तो त्यांनी कोरा सोडला. चौथा परिच्छेद मात्र एका बैठकीत उतरला, दीड पान. सोबत परिशिष्टातले तेहेतिसावे पान जोडले, एकशे पंधराभोवती लाल पेन्सिलने गोल केला आणि समासात लिहिले: दोनपैकी शून्य.

"चौथा फाडायचा असतो ना?" नवरा मागून म्हणाला.

"मुलांनी," बाई म्हणाल्या आणि पाकीट चिकटवले.

पत्र रजिस्टरने गेले. पाचव्या दिवशी पोचपावती आली, खाली प्रमुखांची सही. या वेळी ती झोकदार नव्हती. बाईंनी पोचपावती काचेखाली ठेवली, पिवळ्या चौकोनाच्या मधोमध, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी ओझोनच्या थराचे पुस्तक उघडले.